राहुटी कुठं ठोकायची

रायपूर,
१० फेब्रुवारी २०१९

प्रिय अपर्णा,

सप्रेम जयभीम.

तुझं पत्र येऊन आज बारा दिवस झाले. मधे तू दोनदा फोन केलास, "दादा, पत्र मिळालं ना?" म्हणून विचारलंस, आणि दोन्ही वेळा मी तुझ्या वहिनीच्या दातदुखीचा विषय काढला. दात कधीच काढला, ती मजेत आहे. विशालचं तिकडं जर्मनीत बरं चाललंय. इथं थंडी सरत आली. सिलतऱ्याकडून वारा सुटला की गच्चीवरच्या कपड्यांवर काळी भुकटी बसते आणि वहिनी सगळ्या कारखान्यांचा एका दमात उद्धार करते. बाकी नवीन काही नाही.

तू लिहिलंस की मेच्या सुट्टीत आत्याच्या थोड्या अस्थी घेऊन तू इटलीला जाणार. "आईनं जिथं तंबूत मुक्काम केला तिथंच मला राहायचं आहे. तो तळ कुठला, जागा कोणती, तिथून आजोबांच्या नावाची भिंत किती लांब, सगळं नीट कळव." विमानाचं तिकीट अजून काढलं नाही, माझ्या पत्रासाठी थांबली आहेस, हेही लिहिलंस. म्हणून आज रविवार बघून बसलो आहे. फोनवर सांगता आलं असतं. पण तू "दादा" म्हणालीस की मी दुसराच विषय काढतो.

आधी पूर्वपीठिका लिहितो. तुला ती पाठ आहे, पण सत्तावीस वर्षं सरकारी फायली चाळल्यावर पूर्वपीठिकेशिवाय माझा पेन पुढं सरकत नाही. तर आपले आजोबा, तुळशीराम लहानू, भंडाऱ्याकडचे. मोठ्या लढाईत पायोनियर कंपनीत भरती झाले. हातात बंदूक कमी आणि फावडं जास्त. रस्ते करायचे, पडलेले पूल उभे करायचे. चव्वेचाळीसच्या हिवाळ्यात इटलीतच वारले. माझे वडील तेव्हा पाच वर्षांचे आणि तुझी आई दोन वर्षांची. आजीनं दोन्ही लेकरं घेऊन रायपूर गाठलं, रेल्वेच्या कारखान्यात मजुरी धरली, आणि आपण सगळे त्याच रेल्वेच्या क्वार्टरांत वाढलो. आजोबांचा ना फोटो, ना पत्र. फक्त एक पदक होतं, तेही माझ्या वडिलांनी लहानपणी खेळता खेळता विहिरीत टाकलं.

विशाल जर्मनीला गेला तेव्हापासून आत्याचं सुरू झालं. "तुहा पोट्टा तिकडं गेलाच हाये तं मले माह्या बाचं ठिकाण एकदा दाखवून दे." मी हॉटेलचं नाव काढलं तर भडकली. "माहा बाप राहुटीत झोपून झोपून मेला, आन मी काय गादीवर लोळू? मी बी राहुटीतच राहीन. तुह्या मामाजीच्या, माह्या मालकाच्या, पुलाच्या गँगसंगं चार साल तंबूत काढले, मले काय नवं हाये?" शहात्तर वर्षांची बाई, दोन्ही गुडघे गेलेले, आणि हट्ट हा असा.

मग मी कामाला लागलो. तू तेव्हा शाळेच्या पेपर तपासणीत अडकली होतीस, पण घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तू सगळं पाहिलंस. मी मंत्रालयात खरेदीच्या अनुभागात बसतो. साधी खुर्ची घ्यायची तरी तीन कोटेशन आणि तुलनात्मक पत्रक लागतं. तसंच केलं. तीन तळ निवडले आणि रकाने आखले: स्मारकापासूनचं अंतर, सावली, संडास किती पावलांवर, कमोड आहे की नाही, जमीन सपाट की उताराची, जवळ तांदूळ मिळतो का. सगळ्यांत वर आला तो समुद्रकाठचा तळ. पाइनच्या झाडांची गर्द सावली, सपाट जमीन, कमोड चाळीस पावलांवर, आणि स्मारकाची भिंत गाडीनं वीस मिनिटं. मी ते पत्रक ग्रुपवर टाकलं. एकोणीस अंगठे आले. तू लिहिलंस, "दादानं केलं म्हणजे डोळे झाकून सही करायची." मी तो निरोप ऑफिसात शेजारच्या टेबलवाल्यालाही दाखवला होता.

तळ खरंच छान होता गं. प्रत्येक तंबूच्या जागेला नंबर, आमचा सत्तेचाळीस. आत्या पहाटे उठून तंबूच्या दारात बसायची, समुद्राकडं बघत. शेजारी हॉलंडचं एक म्हातारं जोडपं होतं. पहिल्याच दिवशी आत्यानं शेगडीवर लाल मिरच्यांची फोडणी दिली, आणि ती डच बाई खोकत खोकत बाहेर आली. आत्या पळीसकट उभी राहिली. "ठसका लागला का वो बाई? थांबा, पानी देतो." पाणी दिलं, मागून वाटीभर आमटी दिली. तिसऱ्या दिवशी ती बाई स्वतः वाटी घेऊन आमच्या दारात. भांडी घासायच्या ओट्यावर दोघी शेजारी उभ्या राहून गप्पा मारत, एक डचमध्ये आणि एक आपल्या बोलीत, आणि काहीही अडत नसे. विशाल त्यांचा व्हिडिओ काढून हसून हसून दमला. तुझी वहिनी तर अजून म्हणते की लग्नानंतर पहिल्यांदा आपण खरं फिरायला गेलो.

हे सगळं असं होतं. आणि तरी, अपर्णा, तू तिथं जाऊ नकोस.

११ फेब्रुवारी

काल वरचं वाक्य लिहिलं, जेवायला म्हणून उठलो आणि परत बसलोच नाही. आज ऑफिसला दांडी मारली आहे. वहिनीला सांगितलं, पोट बिघडलंय.

आता जे टाळत होतो ते लिहितो.

युद्धात मेलेल्यांच्या याद्या कॉम्प्युटरवर आहेत. मी शोधलं तेव्हा समुद्राकडच्या स्मारकावर एक तुळशीराम सापडला. तिथं ज्यांचं दहन केलं अशा हिंदी शिपायांची नावं भिंतीवर कोरली आहेत. नाव जुळलं, पायोनियर जुळलं, साल जुळलं. वडिलांच्या नावाचा रकाना तेवढा कोरा होता, गावाचाही. ऑफिसात असा कोरा रकाना आला असता तर मी फाईल परत पाठवली असती. इथं मी बरोबरची खूण केली.

आत्या तेव्हाच बोलली होती. "पण प्रफुल्ल, आई तं म्हणे का माती देली त्याईले. आपल्यात तवा जाळत नव्हते, माती देत." मी म्हणालो, आत्या, फौजेच्या कागदावर आपण तेव्हा हिंदू होतो आणि हिंदूंचं दहन करायचं असा नियम होता. ती म्हणाली, "नियम असन बापा. पण आपल्यात माती देत." मी परत नियम सांगितला. किती वेळा सांगितला ते आठवत नाही. शेवटी तिनं नाद सोडला. शिकलेला भाचा, मंत्रालयात बसणारा, त्याच्यापुढं ती किती बोलणार?

आणि ही चूक इथवरच राहिली असती तर मी तुला एक फोन करून माफी मागितली असती. माणूस आहे, चुकतो.

गेल्या एप्रिलात, निघायला पंधरा दिवस असताना, ऑफिसच्या फाटकावरून निरोप आला की अभनपूरचे कोणी बाबाराव भेटायला आलेत. मी ओळखत नव्हतो. सत्तरीपुढचा माणूस, डोक्यावर ओला गमछा. शेअर ऑटोनं फाट्यापर्यंत आले होते आणि तिथून नव्या रायपूरच्या त्या उघड्याबोडक्या रस्त्यानं दोन किलोमीटर चालत. त्यांचे वडील आजोबांच्याच कंपनीत होते. आपल्या समाजातल्या एका लग्नात त्यांना आत्या भेटली, आणि तिनं आपण कुठं जाणार ते सांगितलं. घरी जाऊन त्यांनी पेटी उघडली आणि वडिलांचे कागद काढून आणले.

"माहा बाप तिथंच होता, साहेब," ते म्हणाले. "बर्फ पडे, लाकूड सारं ओलं. जाळाव कायनं? पाच जनाईनं मिळून तुळशीरामले माती देली. आन लिहून ठेवलं, घरी सांगाले कामी येईन म्हणून. हे पहा, नंबर हाये."

जुनी वही होती, बारकी. त्यात मोडीसारख्या अक्षरात तुळशीराम वल्द लहानू, कंपनी, फौजेचा नंबर आणि एक गाव. गावाचं नाव ओळखू येत नव्हतं, पण नंबर अगदी स्पष्ट होता. मी त्यांना चहा पाजला. "बरं केलंत, बाबाराव," म्हणालो. ते म्हणाले, "शेवंताबाईले सांगा, का तिचा बाप उघड्यावर नाही पडला. मान्साईच्या हातानं गेला." मी हो म्हणालो.

वही माझ्याकडं ठेवून ते गेल्यावर मी तो नंबर यादीत टाकला. फार तर दहा मिनिटं लागली. तुळशीराम, वडील लहानू, भंडारा जिल्हा. दहन नाही. कबर. समुद्राकडं नाही तर वर डोंगराकडं, अरेत्सो नावाच्या शहराजवळच्या युद्धस्मशानात, गाडीनं पाच-सहा तासांवर. ओळ आणि जागा, दोन्ही नोंदलेली.

भिंतीवरचा तुळशीराम दुसराच कोणी होता. हे मला एप्रिलातच कळलं, अपर्णा. जाण्याच्या आधी.

विशालची सुट्टी तीच राहिली असती. तळ बदलायला एक ईमेल पुरली असती. आत्याचे गुडघे, उतार, कमोड, ही सगळी कारणं मी मागाहून स्वतःला दिली. तेव्हा मनात एकच होतं: पत्रक मंजूर झालंय. आमच्याकडं मंजूर फाईल कोणी पुन्हा उघडत नाही. उघडली की पहिला प्रश्न येतो, आधी कोणी तपासलं होतं? आणि एकोणीस जणांसमोर मला म्हणावं लागलं असतं की म्हातारी बरोबर होती आणि मी चुकलो. मी बाबारावांची वही पाकिटात घातली, वर पेन्सिलीनं "नस्तीबद्ध", म्हणजे फाईल बंद, असं लिहिलं आणि टेबलाच्या खालच्या खणात टाकली.

त्या संध्याकाळी गाडीनं घरी निघालो तर ते थांब्यावर बसलेले दिसले. बस तिकडं किती वेळानं येते तुला ठाऊक आहे. चार तास झाले असतील. मी काच खाली केली नाही.

मग आम्ही गेलो. पुढचं तुला फोटोंतून माहीत आहे. आत्या नवं पांढरं लुगडं नेसली होती, विशालनं हात धरला होता. तू तो फोटो मोठा करून घरात लावला आहेस, आणि नागपूरला मी आलो की मला बरोबर त्याच्यासमोरच्या खुर्चीत बसवतेस.

नोव्हेंबरात ती गेली. पुण्यानुमोदनाच्या दिवशी तू माईकवर बोललीस, "माझी आई समाधानानं गेली, कारण प्रफुल्लदादानं तिला तिच्या वडिलांपर्यंत नेलं." मग मला शाल घातली, टाळ्या पडल्या. मागच्या रांगेत बाबाराव बसले होते. जेवताना जवळ आले आणि फक्त विचारलं, "वही भेटली असती तं बरं झालं असतं साहेब, बापाच्या हातची हाये." मी म्हणालो, पाठवतो. अजून पाठवलेली नाही. उद्या मी स्वतः अभनपूरला जाऊन देणार आहे, आणि त्यांनाही हेच सांगणार आहे.

कधी कधी मनाची समजूत घालतो की तो दुसरा तुळशीरामही कुणाचा तरी असेल, त्याच्या घरचं माणूस तिथवर कधी पोचलं नसेल, त्याला तरी एका लेकीचा हात लागला. पण हे मी माझ्यासाठी म्हणतो. तुझ्या आईला त्याचा काय उपयोग?

तू तिकीट काढलं नाहीस हे वाचलं त्या दिवसापासून मला झोप नाही. तू गप्प गेली असतीस तर कदाचित मीही गप्पच राहिलो असतो. इतका मी वाईट निघालो, हे तुलाही कळू दे. पण तिच्या अस्थीही त्याच चुकीच्या भिंतीशी न्यायच्या, आणि पत्ता मी लिहून द्यायचा, एवढं माझ्याच्यानं होणार नाही.

तर आता नीट वाच. अरेत्सोच्या बाहेर डोंगराच्या उतारावर एक छोटा तळ आहे. मी त्यांच्याशी ईमेलवर बोललो आहे. जमीन थोडी उताराची आहे, तंबू वरच्या बाजूला मागून घे, पाऊस झाला तर खालच्या जागांत पाणी साचतं असं मालकीण म्हणाली. बाथरूम लांब आहे. जैतुनाची झाडं आहेत, सावली विरळ. स्मशानाला बस जाते, पण रविवारी नाही, म्हणून सोमवार धर. फाटकाजवळ भिंतीत एक कपाट असतं म्हणे, त्यात नोंदवही असते, त्यात आधी नाव बघ. ओळ आणि जागा या पत्रासोबतच्या कागदावर लिहिली आहे, नंबरासकट. मी तो तीन वेळा तपासला आहे. पण तू माझ्यावर विसंबू नकोस, स्वतः एकदा तपास. अस्थी ठेवायला परवानगी लागेल, त्यांच्या ऑफिसचा पत्ताही दिला आहे. नाही मिळाली तर तिथली चिमूटभर माती घेऊन ये आणि इथं तिच्या अस्थींत मिसळ. मी सोबत येऊ का, हे विचारणार नाही.

हे पत्र ग्रुपवर टाकायचं असेल तर टाक. मी ग्रुप सोडणार नाही, सगळ्यांचं ऐकून घेईन. विशालला काल रात्री फोनवर सांगितलं. तो हिंदीत म्हणाला, "पापा, दादीने आपसे पूछा था ना वहाँ पे? मैं बगल में था." त्याला वाटलं होतं की ती असंच काहीतरी विचारते आहे. म्हणून तेही लिहितो. त्याशिवाय हे पत्र पुरं होत नाही.

भिंतीपाशी मी बोट ठेवून नाव दाखवलं. इंग्रजी अक्षरं, तिला वाचता येत नाहीत. ती बराच वेळ बघत राहिली. मग माझ्याकडं वळली. "प्रफुल्ल, हे तं जाळलेल्याईचं ठिकान हाये ना? पक्कं हाये ना, हेच होय म्हणून?"

एकदाच विचारलं. विशाल शेजारी, तुझी वहिनी कॅमेरा धरून उभी. अजूनही चार दिवस हातात होते. गाडी होती. संध्याकाळपर्यंत अरेत्सो गाठता आलं असतं.

मी म्हणालो, "हव आत्या. हेच."

मग तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला, दोन्ही तळवे त्या नावावर ठेवले, कपाळ टेकवलं आणि म्हणाली, "बा."

तू फोनवर विचारलं होतंस, आई तिथं काय म्हणाली, आणि मी सांगितलं, काही नाही, नुसती रडली. तसं नव्हतं. ती रडली नाही. तिनं हाक मारली आणि उत्तर येईल अशी कान देऊन उभी राहिली. मग परत मारली, "बा, मी शेवंता." परतताना गाडीत मला म्हणाली, "जल्मात पयल्यांदा हा शब्द कोनाले म्हटला रे मी. दादाले दादा म्हटलं, सासऱ्याले मामाजी म्हटलं. बा म्हनाले कोनी नव्हतंच."

तिच्या वतीनं तूच त्या कबरीपाशी हाक मार, असं मी आधी लिहिलं होतं. खोडून टाकलं. ती हाक तिची होती, शहात्तर वर्षं सांभाळलेली. ती तिनं एकदा मारली, आणि मी उभा राहून ती परक्या माणसाला मारू दिली.

तुझा चुकलेला भाऊ,
प्रफुल्ल